एचएसएचे पैसे टॅक्स रिटर्नमध्ये कसे दाखवायचे: फॉर्म ८८८९ ओळीओळीने

अमेरिकेत नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात आरोग्य विम्याचा पर्याय निवडावा लागतो. जास्त डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम), कमी हप्त्याचा प्लॅन घेतला तर त्याबरोबर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे एचएसए, हे वैद्यकीय खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं उघडता येतं. दर पगारातून थोडी रक्कम तिकडे वळते, कंपनीही काही टाकते, आणि वर्षभर कुणी त्याकडे फारसं बघत नाही. रिटर्न भरताना मात्र ह्याच खात्यासाठी फॉर्म ८८८९ नावाचं वेगळं पान भरावं लागतं. पान एकच आहे, पण नव्याने आलेल्यांची सर्वात जास्त गडबड इथेच होते. पुढचे सगळे आकडे आणि ओळींचे क्रमांक २०२५ च्या उत्पन्नाच्या रिटर्नसाठी आहेत, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या.

फॉर्म कुणी भरायचा? तुमच्या एचएसएमध्ये वर्षभरात कुणीही एक डॉलर टाकला असेल, किंवा तुम्ही त्यातून एक डॉलर काढला असेल, तर तुम्ही. सगळे पैसे कंपनीने टाकले आणि तुमचे काहीच गेले नाहीत, तरी फॉर्म लागतोच. वर्षाच्या उत्तरार्धात येऊन १०४०-एनआर (करासाठी अनिवासी ठरणाऱ्यांचा रिटर्न) भरणाऱ्यांनाही तो जोडावा लागतो.

आधी हे पक्कं करा: पगारातून गेलेले पैसे कुणाचे?

तुमच्या पेस्लिपवर 'एचएसए' म्हणून जी कपात दिसते ती बहुतेक कंपन्यांत कॅफेटेरिया प्लॅनखाली होते. त्याचा अर्थ असा, की कायद्याने तुमचा पगारच तेवढा कमी झाला आणि ती रक्कम कंपनीने तुमच्या खात्यात भरली. म्हणून आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, हिशेबात हे पैसे कंपनीचे. तुमच्या खिशातून गेल्यासारखे वाटतात, पण कागदावर तुमचे नाहीत.

ह्याचे दोन परिणाम. एक, ही रक्कम तुमच्या डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) मधल्या बॉक्स १ च्या पगारातून आधीच वगळलेली असते, म्हणजे तिच्यावरचा कर वाचून झालेला आहे. दोन, तिची वजावट पुन्हा मागायची नाही. फॉर्म ८८८९ मधल्या बऱ्याचशा चुका ह्या एका मुद्द्यावर येऊन थांबतात, म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याची आठवण ठेवा.

पगारातून न जाता स्वतःच्या बँक खात्यातून तुम्ही थेट एचएसएत टाकलेले पैसे मात्र तुमचे. त्यांची वजावट मिळते आणि त्यासाठी आयटमाइझ (ठरावीक वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवणं) करावं लागत नाही. फरक एवढाच, की थेट टाकलेल्या पैशांवर फक्त इन्कम टॅक्स वाचतो. पगारातून गेलेल्यांवर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ७.६५ टक्के करही वाचतो. ३,५०० डॉलरवर ही बचत जवळजवळ २६८ डॉलर होते, आणि रिटर्नमध्ये ती मागून मिळत नाही. (२०२५ मध्ये पगार १,७६,१०० डॉलरच्या वर असेल तर त्यावरच्या भागावर सोशल सिक्युरिटी लागतच नाही, तिथे बचत फक्त मेडिकेअरच्या १.४५ टक्क्यांची.) म्हणून जमेल तेवढं पगारातूनच टाकावं.

कागद गोळा करा

डब्ल्यू-२ हातात घ्या आणि बॉक्स १२ शोधा. उजव्या बाजूला १२ए, १२बी, १२सी, १२डी असे चार छोटे रकाने एकाखाली एक असतात. प्रत्येकात डावीकडे एक-दोन अक्षरांचा कोड आणि उजवीकडे रक्कम. तुम्हाला हवा आहे कोड डब्ल्यू. त्यापुढची रक्कम म्हणजे कंपनीने दिलेले पैसे अधिक तुमच्या पगारातून वळवलेले पैसे, दोन्ही मिळून. शेजारीच बहुधा कोड डीडी दिसेल आणि त्यापुढे मोठा आकडा असेल. तो आरोग्य विम्याचा एकूण खर्च आहे, फक्त माहितीसाठी. त्याचा एचएसएशी काही संबंध नाही. काही कंपन्या बॉक्स १४ मध्येही 'एचएसए' लिहून एक रक्कम दाखवतात. तीही बहुतेक वेळा कोड डब्ल्यूमध्ये आलेलीच असते, तेव्हा पुन्हा कुठे टाकू नका.

डिसेंबरची शेवटची पेस्लिप काढून ठेवा. तीवर वर्षभराची बेरीज असते: तुमची कपात किती, कंपनीचा वाटा किती. दोन्हींची बेरीज कोड डब्ल्यूशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर रिटर्न भरण्याआधी पेरोल विभागाला विचारा. कधीकधी लहान कंपन्यांत कॅफेटेरिया प्लॅनच नसतो आणि पैसे कर कापल्यावरच्या पगारातून एचएसएत जातात. तसं असेल तर ती रक्कम कोड डब्ल्यूमध्ये नसते, बॉक्स १ मधून वगळलेलीही नसते, आणि मग ती तुमची स्वतःची रक्कम म्हणून ओळ २ वर येते.

खात्यातून पैसे काढले असतील तर एचएसए चालवणारी संस्था फॉर्म १०९९-एसए देते, जानेवारीअखेर. बॉक्स १ मध्ये वर्षभरात काढलेली एकूण रक्कम, बॉक्स ३ मध्ये कोड. साध्या खर्चासाठी कोड १ असतो, जादा भरलेले परत घेतले तर कोड २. एचएसएचं डेबिट कार्ड औषधाच्या दुकानात वापरलं की तेही 'काढलेले पैसे'च. अनेकांना वाटतं की आपण काहीच काढलं नाही, फक्त कार्ड वापरलं.

फॉर्म ५४९८-एसए, ज्यात खात्यात किती जमा झाले ते असतं, मेअखेरच्या सुमारास येतो. त्याची वाट बघत रिटर्न अडकवू नका. तो रिटर्नला जोडायचा नसतो. खात्याच्या वेबसाइटवर 'कोणत्या वर्षासाठी किती' असा तक्ता आधीच मिळतो. मे महिन्यात फॉर्म आला की बॉक्स २ (२०२५ मध्ये जमा झालेले) आणि बॉक्स ३ (२०२६ मध्ये पण २०२५ साठी जमा केलेले) आपल्या आकड्यांशी ताडून बघा आणि फाइलमध्ये ठेवा.

तुमची मर्यादा किती?

२०२५ साठी एकट्याच्या प्लॅनला ४,३०० डॉलर, फॅमिली प्लॅनला ८,५५० डॉलर. वय ५५ पूर्ण असेल तर आणखी १,०००. (२०२६ साठी हेच आकडे ४,४०० आणि ८,७५० आहेत.) ह्या मर्यादेत कंपनीचे पैसेही धरले जातात. 'कंपनीने दिलेले वेगळे, माझी मर्यादा वेगळी' असं नसतं.

'फॅमिली' म्हणजे विम्यात तुमच्याशिवाय आणखी किमान एक माणूस. पत्नी एच-४ व्हिसावर आहे, तिला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तरी ती तुमच्या प्लॅनमध्ये असेल तर तुमची मर्यादा फॅमिलीचीच.

पूर्ण वर्ष पात्र नसाल तर हिशेब महिन्यांचा. महिन्याच्या १ तारखेला तुमच्याकडे एचएसएला चालणारा प्लॅन असेल, दात-डोळ्यांचा सोडून दुसरा चालू आरोग्य विमा नसेल आणि मेडिकेअर नसेल, तर तो महिना धरायचा. विमा १६ जूनला सुरू झाला तर जून धरत नाहीत, जुलैपासून सहा महिने. फॅमिली प्लॅनला ८,५५० चे सहा-बारांश, म्हणजे ४,२७५ डॉलर. मधेच प्लॅन बदलला तर महिनावार बेरीज करून बाराने भागायचं. समजा जानेवारी ते मे तुम्ही एकटे होतात, जूनपासून पत्नी आली आणि फॅमिली प्लॅन झाला: ५ गुणिले ४,३०० अधिक ७ गुणिले ८,५५०, भागिले १२, म्हणजे ६,७७९ डॉलर. फॉर्मच्या सूचनांमध्ये ह्यासाठी कोष्टक आहे आणि सॉफ्टवेअरही हेच करतं.

ह्याला एक पळवाट आहे, आणि एच-१बी वर असणाऱ्यांनी तिच्याकडे जरा सावधपणे बघावं. १ डिसेंबरला पात्र असाल तर पूर्ण वर्षाची मर्यादा वापरता येते, मग जुलैत आलेला माणूसही ८,५५० भरू शकतो. अट अशी, की पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्रता टिकली पाहिजे. नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटमध्ये (वर्षातून एकदा प्लॅन बदलण्याची मुदत) दुसरा प्लॅन निवडला, नोकरी गेली आणि नव्या कंपनीत असा प्लॅनच नाही, किंवा भारतात परतलात, तर जादा भरलेले ४,२७५ डॉलर त्या वर्षाच्या उत्पन्नात धरले जातात आणि वर १० टक्के, म्हणजे ४२७.५० डॉलर दंड. सूट फक्त मृत्यू किंवा अपंगत्वाला. व्हिसा संपला हे कारण चालत नाही. पुढचं वर्ष नक्की नसेल तर महिन्यांच्या हिशेबानेच भरा, एवढंच सांगणं आहे.

जोडीदाराचा एफएसए: सर्वात महागडी चूक

पती-पत्नी दोघंही नोकरी करतात, एकाने एचएसए घेतला, दुसऱ्याने आपल्या कंपनीत हेल्थ केअर एफएसए (करमुक्त पगारातून वैद्यकीय खर्च भरायचं फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) निवडला. वरवर दोन्ही कर वाचवणाऱ्या गोष्टी. पण साधा एफएसए जोडीदाराचाही औषधोपचार खर्च भरू शकतो, म्हणून तो तुमच्यासाठीही 'दुसरा विमा' ठरतो. तुम्ही त्याचा एक डॉलर वापरला नाही तरी. एफएसए चालू असलेल्या महिन्यांत तुमची एचएसए मर्यादा शून्य, आणि टाकलेली सगळी रक्कम जादा. फक्त दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए चालतो. डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांच्या डेकेअरचा, चालतो. जोडीदाराला स्वतःच्या कंपनीचा वेगळा विमा असणंही चालतं, जोवर त्या विम्यात तुम्ही नाही.

फॅमिली प्लॅन असून दोघांकडे एचएसए असेल तर ८,५५० ची मर्यादा दोघांत मिळून. कशी वाटायची ते तुम्ही ठरवा, काहीच ठरवलं नाही तर निम्मी-निम्मी. ५५ वर्षांवरचे १,००० मात्र ज्याचे त्याच्याच खात्यात जावे लागतात. आणि जॉइंट रिटर्न भरला तरी प्रत्येकाचा फॉर्म ८८८९ वेगळा, कारण एचएसए खातं जॉइंट नसतंच.

आता फॉर्म

एक उदाहरण धरू. पूर्ण वर्ष फॅमिली प्लॅन. पगारातून ३,५०० गेले, कंपनीने १,५०० दिले, म्हणून कोड डब्ल्यूपुढे ५,००० आहेत. मार्च २०२६ मध्ये बँकेतून आणखी २,००० थेट टाकले, २०२५ साठी. वर्षभरात कार्डाने १,२४० खर्च झाले.

ओळ १: फॅमिलीवर खूण. वर्षात दोन्ही प्रकार होते तर जो जास्त काळ होता तो.

ओळ २: तुम्ही स्वतः थेट टाकलेले, इथे २,०००. पगारातले ३,५०० इथे येत नाहीत. १ जानेवारी ते १५ एप्रिल २०२६ च्या दरम्यान २०२५ साठी टाकलेले इथे धरतात. पण पैसे पाठवताना एचएसएच्या वेबसाइटवर 'मागील वर्ष' हा पर्याय निवडला पाहिजे. विसरलात तर ते चालू वर्षात जमा होतात. रिटर्नला मुदतवाढ घेतली म्हणून ही १५ एप्रिलची तारीख पुढे सरकत नाही.

ओळ ३: मर्यादा, ८,५५०. वय ५५ पूर्ण आणि एकट्याचा प्लॅन असेल तर १,००० इथेच मिळवतात. विवाहित आणि फॅमिली प्लॅन असेल तर ते ओळ ७ वर जातात.

ओळ ४ आर्चर एमएसए नावाच्या जुन्या खात्यासाठी आहे. नव्याने आलेल्याकडे ते असत नाही, शून्य. ओळ ५: ८,५५०. ओळ ६: जोडीदाराकडेही एचएसए असेल तर तुमच्या वाट्याची रक्कम, नाहीतर ८,५५०. ओळ ८: ६ आणि ७ ची बेरीज, ८,५५०.

ओळ ९: कोड डब्ल्यूची पूर्ण रक्कम, ५,०००. दोन कंपन्या बदलल्या असतील तर दोन्ही डब्ल्यू-२ ची बेरीज. ओळ १० आयआरएमधून (निवृत्तीचं बचत खातं) एचएसएत वळवलेल्या रकमेची, बहुतेकांची शून्य. ओळ ११: ५,०००.

ओळ १२: ८,५५० वजा ५,०००, म्हणजे ३,५५०. आता तुम्हाला आणखी जास्तीत जास्त एवढेच टाकता येत होते.

ओळ १३: ओळ २ आणि ओळ १२ पैकी लहान रक्कम, इथे २,०००. हीच तुमची वजावट. ती शेड्यूल १ ह्या जोडपत्राच्या भाग २ मध्ये ओळ १३ वर जाते, आणि तिथून १०४० ह्या मुख्य रिटर्नवर उत्पन्न कमी करते. तुम्ही थेट काहीच टाकलं नसेल तर ओळ १३ शून्य येते, आणि ते बरोबर आहे. 'पाच हजार भरले आणि वजावट शून्य कशी?' हा प्रश्न दर वर्षी पडतो. उत्तर बॉक्स १ मध्ये आहे: तो पगार आधीच पाच हजार, म्हणजे तुमचे साडेतीन आणि कंपनीचे दीड हजार, सोडून दाखवलेला आहे.

आता हीच चूक केल्यावर काय होतं ते बघा. समजा ओळ २ वर ३,५०० अधिक २,००० असे ५,५०० लिहिले. ओळ १२ तीच, ३,५५०. वजावट ३,५५० येते, म्हणजे हक्काच्या रकमेपेक्षा १,५५० जास्त. शिवाय ५,५०० मधून ३,५५० गेल्यावर १,९५० डॉलर 'जादा भरले' असं दिसतं आणि त्यावर ६ टक्के, ११७ डॉलर कर लागतो. प्रत्यक्षात काहीच जादा भरलेलं नसतं. सॉफ्टवेअरने अचानक जादा रकमेचा इशारा दिला की पहिल्यांदा ओळ २ तपासा.

दुसरं कारण सॉफ्टवेअरच्या प्रश्नांत दडलेलं असतं. डब्ल्यू-२ भरून झाला की कोड डब्ल्यू आपोआप ओळ ९ वर जातो, पण विम्याचा प्रकार महिनावार विचारणारं पान नंतर येतं. ते न भरता पुढे गेलात तर सॉफ्टवेअर तुमची मर्यादा शून्य धरतं आणि पूर्ण ५,००० जादा दाखवतं. परतावा एकदम कमी झालेला दिसला की घाबरून आकडे बदलण्याआधी एचएसएचा पूर्ण विभाग शेवटपर्यंत भरा.

काढलेले पैसे: भाग २

ओळ १४ए वर १०९९-एसए मधली बॉक्स १ ची रक्कम, १,२४०. १४बी वर एका एचएसएतून काढून साठ दिवसांत दुसऱ्यात टाकलेले किंवा परत घेतलेले जादा पैसे, इथे शून्य. एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे थेट वर्ग केलेले पैसे तर इथे कुठेच दाखवायचे नसतात. १४सी: १,२४०. ओळ १५: त्यातले खऱ्या वैद्यकीय खर्चाचे किती, तेही १,२४०. ओळ १६: फरक, शून्य.

भाग २ न भरणं हीही मोठी चूक आहे. १०९९-एसएची प्रत आयआरएसकडे गेलेली असते. तुम्ही ओळ १५ भरली नाही तर त्यांना वाटतं की सगळे पैसे वैद्यकीय नसलेल्या कामाला गेले. मग पत्र येतं. वैद्यकीय नसलेल्या खर्चाला इन्कम टॅक्स अधिक २० टक्के लागतो. २२ टक्क्यांच्या टप्प्यात १,००० डॉलरवर हे ४२० डॉलर होतात. करपात्र रक्कम शेड्यूल १ च्या ओळ ८एफ वर आणि २० टक्के शेड्यूल २ च्या ओळ १७सी वर जातात. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर २० टक्के लागत नाहीत, साधा कर मात्र लागतो.

पावत्या रिटर्नला जोडायच्या नाहीत, पण जपून ठेवायच्या: तारीख, कुणावर उपचार, कशाचे, किती. खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा. त्याची परतफेड कधी घ्यायची ह्याला मुदत नाही, पण एचएसएतून भरलेला खर्च पुन्हा शेड्यूल ए (आयटमाइझ केलेल्या वजावटींचं पान) वर दाखवता येत नाही.

सुट्टीत पुण्याला जाऊन रूट कॅनाल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं तर तो खर्च चालतो. उपचार कुठल्या देशात झाला ह्याने फरक पडत नाही, उपचार कायदेशीर आणि वैद्यकीय असला पाहिजे. दवाखान्याकडून छापील पावती घ्या, त्या दिवसाचा रुपया-डॉलर दर तिच्यावर लिहा. डॉक्टरच्या चिठ्ठीने घेतलेलं औषध भारतात घेऊन भारतातच संपवलंत तर चालतं. सहा महिन्यांचा साठा बॅगेत भरून आणला तर तो सहसा बसत नाही. च्यवनप्राश, जीवनसत्त्वाच्या गोळ्या अशा सर्वसाधारण तब्येतीसाठीच्या गोष्टीही बसत नाहीत.

भारतात राहणाऱ्या आई-वडिलांच्या उपचाराचा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि उत्तर कठोर आहे. एचएसए तुमच्यासाठी, पती-पत्नीसाठी आणि तुमच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी. अवलंबून ठरायला माणूस अमेरिकेचा नागरिक, किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा रहिवासी असावा लागतो. कोल्हापुरात राहणारे वडील, तुम्ही त्यांचा पूर्ण खर्च करत असलात तरी, ह्यात येत नाहीत. त्यांच्या ऑपरेशनला एचएसए वापरला तर कर आणि २० टक्के दोन्ही. आई-वडील ग्रीन कार्डावर तुमच्याकडे राहतात आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करता, तर बहुधा येतात. काही महिन्यांसाठी फिरायला आलेल्यांचा व्हिजिटर इन्शुरन्सचा हप्ता मात्र एचएसएतून भरू नका. पत्नी किंवा पती भारतात असले तरी त्यांचा उपचार चालतो, त्यांना ही नागरिकत्वाची अट नाही.

चुकून कार्ड भलत्या ठिकाणी वापरलं गेलं असेल आणि चूक खरोखर नजरचुकीची असेल, तर अनेक संस्था पैसे परत घेतात. त्यांचा 'चुकीने काढलेल्या रकमेचा' अर्ज भरून द्या, चूक लक्षात आली त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीआधी.

जादा भरलेले पैसे परत कसे घ्यायचे

हे सर्वात जास्त होतं नोकरी बदलल्यावर. जूनपर्यंत पहिल्या कंपनीत ३,००० गेले, दुसऱ्या कंपनीत वर्षअखेर २,०००. एकट्याचा प्लॅन, मर्यादा ४,३००. जादा ७००. दुसऱ्या कंपनीच्या पेरोलला पहिल्या कंपनीचं काही माहीत नसतं, त्यामुळे त्यांचं सॉफ्टवेअर अडवत नाही. नोकरी बदलल्याबरोबर जुन्या शेवटच्या पेस्लिपवरचा आकडा बघून नव्या कंपनीत कपात ठरवली की हे टळतं.

झालंच तर एचएसए संस्थेकडे 'जादा रक्कम परत घेण्याचा' वेगळा अर्ज असतो, तोच भरा. नेहमीसारखे पैसे काढले तर ते साधं काढणं ठरतं आणि चूक तशीच राहते. संस्था ७०० आणि त्यावरची कमाई, समजा १८ डॉलर, परत देते. हे रिटर्नच्या मुदतीआधी व्हायला हवं, मुदतवाढ घेतली असेल तर तिच्यासकट. रिटर्न वेळेवर भरला पण पैसे राहून गेले, तरी १५ ऑक्टोबरपर्यंत संधी असते. मग सुधारित रिटर्न, १०४०-एक्स, भरायचा आणि वर ३०१.९१००-२ ह्या नियमाखाली भरत असल्याचं लिहायचं.

हे ७०० पगारातून गेलेले असल्याने बॉक्स १ मध्ये नव्हते. म्हणून ते २०२५ च्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्न म्हणून दाखवायचे. १८ डॉलर ज्या वर्षी हातात आले त्या वर्षाच्या उत्पन्नात. पैसे २०२६ मध्ये परत आले तर कोड २ असलेला १०९९-एसए जानेवारी २०२७ मध्ये येईल, तेव्हा हे पान विसरू नका.

परत घेतलेच नाहीत तर फॉर्म ५३२९ च्या भाग ७ मध्ये ६ टक्के, इथे ४२ डॉलर, आणि जोवर जादा रक्कम खात्यात आहे तोवर दर वर्षी. दुसरा रस्ता असा, की पुढच्या वर्षी मर्यादेपेक्षा तेवढे कमी भरून ती जादा रक्कम पुढच्या वर्षात सामावून घ्यायची. एका वर्षाचे ४२ डॉलर द्यावे लागतात, पण ७०० सारख्या छोट्या रकमेला कधीकधी हेच सोपं पडतं.

कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी

मराठी वस्ती जिथे दाट आहे त्या ह्या दोन राज्यांचे करकायदे एचएसए मानत नाहीत. फ्रीमाँट, सनीव्हेल किंवा एडिसनमध्ये राहणाऱ्यांनी डब्ल्यू-२ वर बॉक्स १ आणि बॉक्स १६ शेजारी ठेवून बघावेत. राज्याच्या पगाराचा बॉक्स १६ हा बॉक्स १ पेक्षा कोड डब्ल्यूच्या रकमेने मोठा असेल तर कंपनीने रक्कम आधीच मिळवलेली आहे, पुन्हा मिळवू नका. दोन्ही सारखे असतील तर ती राज्याच्या रिटर्नमध्ये तुम्हाला मिळवावी लागते, कॅलिफोर्नियात शेड्यूल सीएमध्ये. तुम्ही थेट टाकून फेडरलमध्ये घेतलेली ओळ १३ ची वजावटही तिथे काढून टाकायची.

आणखी एक गोष्ट सहज निसटते: खात्यातल्या पैशांवरचं व्याज, लाभांश, फंड विकून झालेला नफा ह्या दोन राज्यांत दर वर्षी करपात्र आहे. संस्था सहसा त्याचा वेगळा फॉर्म पाठवत नाही. वार्षिक स्टेटमेंटमधून आकडे तुम्हीच काढायचे. टेक्सास किंवा वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा कर नसल्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

फॉर्म राहून गेला असेल, किंवा परतणार असाल

मागच्या वर्षी फॉर्म ८८८९ जोडलाच नव्हता असं आता लक्षात आलं तर १०४०-एक्स बरोबर त्या वर्षाचा ८८८९ पाठवा. परतावा मागायचा असेल तर साधारण तीन वर्षांच्या आत. फॉर्म त्याच वर्षाचा हवा, मर्यादेचे आकडे दर वर्षी बदलतात.

कायमचं भारतात परतताना खातं बंद करण्याची गरज नाही. नवे पैसे टाकता येणार नाहीत, पण असलेले पैसे तुमच्या आणि जोडीदाराच्या वैद्यकीय खर्चाला, भारतातल्याही, करमुक्त वापरता येतात. ज्या वर्षी काढाल त्या वर्षी अमेरिकेचा रिटर्न आणि ८८८९ चा भाग २ भरावा लागतो, दुसरं काही उत्पन्न नसलं तरी. भारतात पूर्ण रहिवासी ठरल्यावर तिथल्या आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्येही हे खातं दाखवावं लागतं. निघण्याआधी संस्थेकडे पत्ता आणि ई-मेल बदलून घ्या, कागदी १०९९-एसएऐवजी ऑनलाइन प्रत निवडा, आणि लॉगिनचा ओटीपी कंपनीच्या ई-मेलवर किंवा बंद होणाऱ्या अमेरिकन फोन नंबरवर जात नाही ह्याची खात्री करून घ्या.